हातातले अनुशस्त्र
वैद्यकसेवकांचे मनःस्वास्थ्य आणि मोबाइल अ‍ॅप : एक विचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण, एकूण सोळा. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनीच ते मुखोद्गत केले. पुढे व्यवसायात पडल्यावर द्रव्याच्या गुणांची चर्चा आपण कार्यशाळांतून करतो, रोग्याच्या पथ्यापथ्याविषयी नित्य बोलतो, चांगला परिचारक मिळत नाही अशी तक्रारही करतो. परंतु पहिला पाद जो भिषक्, त्याचे स्वतःचे मन कोणत्या अवस्थेत आहे, याची विचारपूस आपल्या सभा-संमेलनांतून क्वचितच होते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे, आणि त्याला निमित्त झाले ते भ्रमणध्वनीवरील एका लहानशा अ‍ॅपचे.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आम्ही आणि आमचे एक वैद्यमित्र तालुक्याच्या कोविड केंद्रात आळीपाळीने सेवा देत होतो. ते दिवस कसे गेले हे या नियतकालिकाच्या वाचकांस सांगावयास नको. साथ ओसरली, केंद्र बंद झाले, आम्ही दोघेही आपापल्या दवाखान्यांत परतलो. पुढच्या वर्षी, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, हे मित्र सायंकाळी आमच्याकडे आले. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. निघताना उंबऱ्याशी थांबून त्यांनी खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "वैद्यराज, हे जरा बघा."

झोप लागत नाही म्हणून त्यांनी एक अ‍ॅप घेतले होते. ते रोज रात्री नऊ वाजता एकच प्रश्न विचारी : आज कसे वाटले? उत्तरादाखल पाच चेहरे, हसऱ्यापासून रडव्यापर्यंत. मित्रांनी जवळजवळ चार महिने एकही दिवस न चुकता उत्तर दिले होते. सुरुवातीच्या पंधरवड्यात मधले चेहरे होते. त्यानंतर शेवटचा चेहरा, ओळीने, आठवड्यामागून आठवडे.

त्या चार महिन्यांत आमच्या तालुका शाखेच्या चार मासिक सभा झाल्या होत्या. चारही सभांना ते हजर होते. आम्ही त्यांच्या शेजारी बसून वस्तू व सेवा कराविषयी आणि कच्च्या मालाच्या भावाविषयी बोललो होतो. यंत्राने त्यांना रोज विचारले, त्यांनी यंत्राला रोज सांगितले. ते सांगणे कोणाही माणसाच्या कानी मात्र पडले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्यासोबत जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. आज ते पुन्हा उत्तम रुग्णसेवा करीत आहेत आणि हा प्रसंग त्यांच्या अनुमतीनेच येथे लिहीत आहोत.

या प्रसंगाचा पहिल्याप्रथम आम्ही काढलेला अर्थ असा होता की, अशी अ‍ॅप्स निरुपयोगी होत. पुढे विचार करता तो अर्थ अर्धवट वाटू लागला. कारण ती नोंद नसती तर मित्रांनी तोंड उघडले असते काय? 'मला बरे वाटत नाही' हे चार शब्द ज्यांना उच्चारता येत नव्हते, त्यांना ती चेहऱ्यांची ओळ दाखविता आली. म्हणजे त्या साधनाने काही काम निश्चित केले, आणि काही काम त्याच्या आवाक्यातलेच नव्हते. कोणते केले व कोणते नव्हते, याचा विवेक करणे हाच या लेखाचा हेतू आहे.

वैद्याचे थकणे

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'बर्नआउट' या अवस्थेची नोंद घेतली आहे. ती व्याधी म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. हे ध्यानी ठेवावे. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी मनाने दुरावणे किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. या अवस्थेला ओढूनताणून एखाद्या संहितोक्त व्याधीचे नाव देण्याचा मोह टाळावा असे आमचे मत आहे. मात्र तिच्याकडे पाहण्याची दृष्टी शास्त्रात आहे. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांपैकी पहिले दोन आपल्या व्यवसायात सर्वांत आधी खचतात. दुपारचे भोजन चार वाजता, रात्रीचे अकरा वाजता, आणि झोप फोनच्या हवाली. उपस्तंभ खचले की धी, धृती व स्मृती ढळतात, आणि तेथून प्रज्ञापराधाची वाट सुरू होते. जे अपथ्य आपण रुग्णास कटाक्षाने वर्ज्य करतो, तेच स्वतः जाणूनबुजून करू लागतो.

त्याच नवव्या अध्यायात वैद्याची वृत्ती चार प्रकारची सांगितली आहे : सर्वांप्रति मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रुग्णाविषयी प्रीती, आणि ज्याचा अंत समीप आहे त्याच्याविषयी उपेक्षा. येथे उपेक्षा म्हणजे हेळसांड नव्हे. जे आपल्या हाती नाही ते मनातून सोडता येणे, असा तिचा अर्थ आम्ही घेतो. २०२१ साली कारुण्य सर्वांनी भरभरून दाखविले. उपेक्षेला मात्र अवसरच मिळाला नाही. एक खाट रिकामी होई तोच दुसरा रुग्ण त्यावर येई. न सोडलेले ते ओझे अनेकांच्या मनात अद्यापि तसेच आहे.

ही गोष्ट केवळ साथीपुरती नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये आधुनिक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याविषयी अहवाल दिला. त्यासाठी केलेल्या ऑनलाइन पाहणीत पंचवीस हजारांहून अधिक पदवी विद्यार्थ्यांनी माहिती दिली आणि त्यांपैकी सुमारे २८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक विकाराचे निदान झाल्याचे सांगितले. आपल्या शाखेचे तरुण वैद्य रुग्णवाहिकांवर, ग्रामीण केंद्रांत आणि खासगी रुग्णालयांच्या रात्रपाळीत हेच ताण सोसतात. दुकानाच्या काउंटरवर बारा-बारा तास उभा राहणारा औषधालयातील सहकारी तर 'आरोग्यसेवक' म्हणून कोणाच्या गणतीतही नसतो.

मग वैद्य मदत का मागत नाही? तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ बहुधा नसतो. जिल्ह्याच्या गावी असतो, पण तेथील बाकावर बसलेल्या वैद्याला त्याचाच एखादा रुग्ण पाहील ही भीती असते. 'जो स्वतःचे मन सांभाळू शकत नाही तो आमचे काय सांभाळणार' असे लोक म्हणतील, अशी ती भीती. यातूनच आपल्यातील एक जुनी खोड वाढते. वैद्य स्वतःच स्वतःला अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी देऊन मोकळा होतो. औषधांचे गुण आपणांस ठाऊक आहेत. पण दर्शन, स्पर्शन, प्रश्न यांपैकी प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकच असेल, तर ती परीक्षा कसली?

अ‍ॅप म्हणजे नेमके काय

अशा अ‍ॅप्सचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतील.

पहिला प्रकार नोंदीचा. मनाची स्थिती, झोपेचे तास, चिडचिडीचे प्रसंग यांची दैनंदिनी त्यात ठेवली जाते. आमच्या मित्रांचे अ‍ॅप याच प्रकारचे.

दुसरा प्रकार अभ्यासाचा. श्वासावर लक्ष ठेवणे, शरीर क्रमाने शिथिल करणे, विचारांची फेरतपासणी करणे अशा कृती ध्वनी वा चित्रांच्या साहाय्याने शिकविल्या जातात. हेडस्पेस हे याचे प्रसिद्ध उदाहरण. निद्रानाशासाठीचे स्लीपिओ हेही याच वर्गातले. त्यात सहा आठवड्यांच्या क्रमाने निद्रानाशाची वर्तनचिकित्सा दिली जाते. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०२२ मध्ये स्लीपिओची निद्रानाशासाठी शिफारस केली. गर्भिणी आणि इतर व्याधी असलेल्या व्यक्तींची आधी वैद्यकीय तपासणी व्हावी, असेही त्यात सुचविले.

या वर्तनचिकित्सेचे तत्त्व आपणांस जवळचे वाटेल. रोज ठरल्या वेळीच उठावयाचे, रात्र कशीही गेली तरी. अंथरूण निद्रेसाठीच वापरावयाचे. त्यावर हिशेब नाही, फोन नाही. झोप लागेना तर तळमळत पडून न राहता उठून बसावयाचे आणि डोळे जडावल्यावरच परतावयाचे. सुरुवातीस अंथरुणातील वेळ मुद्दाम कमी करावयाचा, म्हणजे झोप सलग येते. मग तो हळूहळू वाढवावयाचा. दिनचर्येचा कणा सरळ करणे, एवढेच यामागचे सार. मात्र अपस्मार वा उन्मादाची वेगे येणाऱ्या व्याधीचा पूर्वेतिहास असणाऱ्यांनी, तसेच रात्री वाहन चालविणाऱ्यांनी झोपेचा वेळ कमी करण्याचा हा भाग तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करू नये.

तिसरा प्रकार यांत्रिक संवादाचा. आपण लिहावे आणि संगणकाने उत्तर द्यावे. बंगळूरमध्ये जन्मलेले वायसा हे यातले एक नाव.

चौथा प्रकार माणसापर्यंत नेणारा. येथे अ‍ॅप हा केवळ दरवाजा असतो; पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक वा तज्ज्ञ असतो. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा या दृष्टीने सर्वांनी ध्यानी ठेवावी. क्रमांक १४४१६, सेवा विनामूल्य, अहोरात्र, आणि मराठीतही उपलब्ध. बंगळूरची निम्हान्स ही संस्था तिचे शिखर केंद्र आहे. १० ऑक्टोबर २०२४ रोजी तिचे अ‍ॅपही प्रकाशित झाले.

अनुभव काय सांगतो

अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या शासकीय विभागाने २०११ मध्ये 'पीटीएसडी कोच' हे अ‍ॅप विनामूल्य प्रकाशित केले. आघातानंतरच्या मनोविकारासाठीचे हे अ‍ॅप या वाटेवरील आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक. त्याची रचना आजही अभ्यासण्याजोगी आहे : आधी माहिती, मग स्वतःची चाचणी, मग त्या क्षणी करावयाचे उपाय, आणि शेवटी मदतीला कोणाला बोलवावे याची यादी. २०२० मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने आपल्या कर्मचाऱ्यांना हेडस्पेस, अनमाइंड, स्लीपिओ आणि डेलाइट ही साधने विनामूल्य उपलब्ध करून दिली. आरोग्यसेवकांच्या मनासाठी अ‍ॅपचा हा मोठ्या प्रमाणावरील अवलंब होता.

पुढे त्यांच्या कसोट्या झाल्या. त्यांपैकी दोन आमच्या प्रयोजनाच्या आहेत.

पहिली स्पेनमधली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ४८२ आरोग्यसेवक सहभागी झाले. एका गटाला भावना, जीवनशैली, कामाचा ताण आणि सामाजिक आधार या विषयांवरील अ‍ॅप दिले. दुसऱ्या गटाला थोडी माहिती देणारे साधे अ‍ॅप. दोन आठवड्यांनंतर पाहता दोन्ही गटांच्या एकंदर मनःस्थितीत लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु ज्यांचे मानसोपचार वा मनोविकारावरील औषध आधीपासून चालू होते, त्यांच्यात सुधारणा दिसली. पोटगटांतील असे निष्कर्ष जपूनच वाचावे लागतात, हे खरे. तरीही वैद्याच्या मनात येथे 'अनुपान' हा शब्द आल्यावाचून राहत नाही. एकटे दिलेले अनुपान व्याधी हटवीत नाही. मुख्य औषधाबरोबर दिले असता त्याचे कार्य दिसते.

दुसरी ब्रिटनमधली, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली. २,१८२ आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी काहींना हेडस्पेस दिले, तर काहींना मनःस्वास्थ्याविषयीच्या शासकीय संकेतस्थळाकडे पाठविले. साडेचार महिन्यांच्या काळात हेडस्पेसच्या गटातील ताण अधिक कमी झाला. हा लाभ मोठा नव्हता, पण खरा होता. दोन आठवडे आणि साडेचार महिने, हे अंतर लक्षात घ्यावे. रसायन चार दिवस घेऊन गुण आला नाही असे म्हणणाऱ्या रुग्णाला आपण काय उत्तर देतो?

आणि नेमके येथेच या साधनांचे मर्म दुखते. मनःस्वास्थ्याच्या ९३ अ‍ॅप्सच्या वापराचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, अ‍ॅप घेणाऱ्यांपैकी तिसाव्या दिवशी ते उघडणाऱ्यांचे मध्यम प्रमाण अवघे ३.३ टक्के होते. शंभरांनी घेतले, तर महिन्याने तीन उरले. घेणे सोपे, टिकविणे अवघड. हा दोष यंत्राचा थोडा, धृतीचा अधिक.

सुश्रुताची कसोटी

या सर्वांचा विचार करताना आम्हांस सुश्रुताचार्यांच्या सूत्रस्थानाचा आठवा अध्याय उपयोगी पडला. वीस शस्त्रांचे वर्णन झाल्यावर तेथे अनुशस्त्रे सांगितली आहेत : बांबूची साल, स्फटिक, काच, जळू, क्षार, अग्नी, नख इत्यादी. ती कोणासाठी वापरावी? बालकांसाठी, शस्त्राला भिणाऱ्यांसाठी, आणि शस्त्र उपलब्ध नसेल तेथे.

मोबाइल अ‍ॅप हे मनश्चिकित्सेतील अनुशस्त्र होय. मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात जाण्यास जो भितो, त्याला ते भीती न वाटता हाती घेता येते. ज्या तालुक्यात तज्ज्ञ नाही तेथे ते पोहोचते. रात्री दोन वाजता, जेव्हा कोणालाही उठविण्याचा संकोच वाटतो, तेव्हा ते जागे असते. हा त्याचा अधिकार मान्य करावयास हवा. त्याला हिणविणे अशास्त्रीय ठरेल. परंतु अनुशस्त्राने शस्त्राचे सारे काम होईल, असे सुश्रुत म्हणत नाहीत. जेथे छेदन अवश्य आहे तेथे नखाने कोरीत बसणे हा दोषच.

धी, धृती व स्मृती यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर अ‍ॅप स्मृतीला उत्तम साह्य करते. वेळेवर आठवण देते, मागच्या महिन्याची मनःस्थिती समोर ठेवते, 'तू रोज सहा तास झोपतोस असे म्हणतोस, पण नोंद साडेचार तासांची आहे' हे निर्विकारपणे दाखविते. धीला ते थोडे साह्य करते. माहिती देते, विचाराला दुसरी बाजू असू शकते हे सुचविते. धृती मात्र ते देऊ शकत नाही. ती माणसाला माणसापासून मिळते : गुरूकडून, मित्राकडून, घरातून.

अ‍ॅपची परीक्षा

द्रव्य घेताना आपण प्रशस्त देश, काल आणि गंध-वर्ण-रस पाहतो. तशीच परीक्षा अ‍ॅपचीही व्हावी. आमच्या अनुभवातून पुढील प्रश्न सुचवितो.

१. कर्ता कोण? शासकीय संस्था, विद्यापीठ, रुग्णालय की केवळ व्यापारी कंपनी? निर्मितीत मानसशास्त्राचे जाणकार होते काय?

२. आधार काय? 'लाखो लोक वापरतात' हा आधार नव्हे. आरोग्यसेवकांवर वा निदान तत्सम लोकांवर त्याची कसोटी झाली आहे काय?

३. आपली माहिती कोठे जाते? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या 'बेटरहेल्प' या कंपनीने ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती फेसबुकसारख्या कंपन्यांना जाहिरातींसाठी पुरविली, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ मध्ये त्या कंपनीला ७८ लाख डॉलर भरण्यास लावले. आपल्या देशातही वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. पण कायद्याच्या आधी आपली सावधगिरी. नाव, फोन क्रमांक, संपर्कयादी यांची मागणी विनाकारण करणारे अ‍ॅप दूर ठेवावे. रुग्णाचे नाव व प्रसंग तर कोणत्याही अ‍ॅपमध्ये लिहू नये. ते गुपित आपले नाही.

४. खर्च किती? पहिला आठवडा फुकट आणि नंतर खात्यातून आपोआप वर्गणी कापली जाणे, हा प्रकार सर्रास आढळतो.

५. अडचणीच्या वेळी ते कोणाकडे पाठविते? आत्मघाताचा विचार मनात असल्याचे सांगितल्यावर जे अ‍ॅप केवळ श्वासाचा व्यायाम सुचविते, ते काढून टाकावे. मदतीचा क्रमांक ठळकपणे देणारेच ठेवावे.

६. उद्या ते राहील काय? 'वोबॉट' हे संवाद साधणारे प्रसिद्ध अ‍ॅप ३० जून २०२५ रोजी बंद करण्यात आले. ज्यांनी आपला सारा जीव त्यात गुंतविला असेल, त्यांची त्या दिवशीची अवस्था कल्पनेने जाणावी.

वापराचा विधीही साधा असावा. एका वेळी एकच अ‍ॅप. रोज ठरल्या वेळी दहा मिनिटे. शक्यतो सायंकाळी दवाखाना बंद करून घरी निघण्यापूर्वी, म्हणजे दवाखाना घरी जात नाही. निदान सहा आठवडे नियमाने. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दर पंधरा दिवसांनी ती नोंद एका तरी विश्वासाच्या माणसाला दाखविणे. आमच्या मित्रांच्या प्रसंगातून आम्ही शिकलो ते एवढेच.

कोठे थांबावे

पुढील स्थितींत अ‍ॅप बाजूला ठेवून तत्काळ तज्ज्ञाकडे जावे : दोन आठवड्यांहून अधिक काळ सततची उदासी वा कशातच रस न वाटणे, झोपेसाठी वा काम रेटण्यासाठी मद्य वा गोळ्यांचा आधार घ्यावा लागणे, ताणामुळे रुग्णाच्या चिकित्सेत चुका होऊ लागणे, आणि जगणे नकोसे वाटणे. शेवटचे लक्षण स्वतःमध्ये वा सहकाऱ्यामध्ये दिसल्यास त्या व्यक्तीस एकटे सोडू नये आणि १४४१६ वर अथवा जवळच्या रुग्णालयाशी लगेच संपर्क साधावा. असे विचारल्याने तो विचार मनात येईल ही समजूत चुकीची आहे. स्पष्ट, शांत शब्दांत विचारणे हेच हितकर.

औषधालयांच्या मालकांस दोन शब्द

आपल्या काउंटरवरील मुला-मुलींना अ‍ॅप घेण्याची सक्ती करू नये आणि त्यातील नोंदी दाखविण्यास तर मुळीच सांगू नये. मालकाने मागितलेली दैनंदिनी कोणीही खरी भरीत नाही. त्यापेक्षा दुपारच्या भोजनाची अर्धा तास निश्चित सुट्टी, रात्रपाळीनंतर सकाळची रजा, आणि आरडाओरडा करणाऱ्या ग्राहकापुढे कर्मचाऱ्याच्या बाजूने उभे राहणे, यांचा गुण कोणत्याही अ‍ॅपहून अधिक येतो. उपस्तंभच काढून घ्यावयाचे आणि हाती श्वासाचा व्यायाम द्यावयाचा, ही निदान-परिवर्जनाशिवायची चिकित्सा होय. दुकानाच्या आतील बाजूस, जेथे केवळ कर्मचाऱ्यांचीच दृष्टी जाते, १४४१६ हा क्रमांक लावून ठेवावा. आणि ओळखीचा एखादा डॉक्टर, वैद्य वा परिचारिका स्वतःसाठी वरचेवर झोपेच्या गोळ्या मागू लागली, तर चिठ्ठीचा नियम ओळखीपोटी शिथिल न करता आपुलकीने चौकशी करावी. तो नियम त्यांच्याही रक्षणासाठी आहे.

उपसंहार

त्या दिवाळीनंतर आमच्या तालुका शाखेत एक लहानशी प्रथा आम्ही सुरू केली. प्रत्येक सदस्याने दुसऱ्या एका सदस्याशी जोडी बांधावयाची आणि आठवड्यातून एकदा फोन करावयाचा. विषय कोणताही, पण एक प्रश्न ठरलेला : "झोप कशी आहे?" वैद्याला 'मन कसे आहे' असे विचारले तर तो 'उत्तम' म्हणून मोकळा होतो, झोपेविषयी मात्र तो खरे बोलतो. सुरुवातीस काहींनी थट्टा केली. दोन जोड्या महिन्याभरात मोडल्या. उरलेल्या अजून टिकून आहेत. ज्यांना आवडते ते अ‍ॅपही वापरतात, आणि फोन करताना नोंद समोर ठेवतात. अनुशस्त्र आणि माणूस यांची अशी सांगड घातली असता दोहोंचा गुण येतो, असा आमचा आजवरचा अनुभव आहे. इतर शाखांनीही हा प्रयोग करून पाहावा, अशी विनंती आहे.

सुश्रुताचार्यांनी शस्त्रांच्या आधी यंत्रांचा अध्याय सांगितला. यंत्रे एकशे एक. आणि त्यांत प्रधानतम कोणते, तर हात, कारण त्यावाचून इतर कोणतेही यंत्र चालत नाही. त्या सायंकाळी आमच्या उंबऱ्याशी मित्रांनी फोन पुढे केला, तेव्हा आम्ही काही क्षण पडद्यावरील चेहऱ्यांची ओळ पाहत राहिलो. त्यांच्या हाताला सूक्ष्म कंप होता, हे ध्यानी यायला थोडा उशीर लागला. फोन आम्ही खाली ठेवला आणि तो हात हाती घेतला. चिकित्सा तेथून सुरू झाली.

अलमतिविस्तरेण.